टँक किती लिटरचा ते विचारता, ड्रेन किती इंची ते पण विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला घरच्या फिश टँकवरचा लेख वाचला. टँक कुठल्या दिशेला ठेवावा, गोल्डफिश आणि गप्पी एकत्र ठेवावेत का, सगळं आलंय. मोठ्या टँकला खाली संप, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, बसवून घ्यावा असंही आलंय, पण वरचं पाणी संपमध्ये आणणारा जो ओव्हरफ्लोचा पाईप, म्हणजे ड्रेन, असतो तो किती इंची घ्यायचा याबद्दल अवाक्षर नाही. घरभर पाणी होण्याचं हे एक मोठं कारण आहे हो, म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावलीत तरी चालेल, आकडे तेवढे ठेवा.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. टँकच्या कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा असतो, त्याच्या वरच्या दात्यांतून पाणी आत पडतं, तिथून पाईपने खाली कपाटातल्या संपमध्ये येतं, फिल्टर होतं आणि पंप ते परत वर ढकलतो. वर जाणाऱ्या पाण्यामागे पंपाचा जोर आहे, खाली येणारं पाणी मात्र फक्त स्वतःच्या वजनाने येतं, म्हणून रिटर्नचा पाईप बारीक असला तरी भागतं आणि ड्रेनचा नाही भागत. तरी कित्येक ठिकाणी दोन्हीकडे एकाच मापाचा पाईप टाकून मोकळे होतात, एकच पाईप कापला की काम झालं.

ड्रेनचं माप टँकच्या लिटरवर ठरत नाही, पंपावर ठरतं. चार बाय दीड बाय दीड फुटाचा टँक घ्या, ९ घनफूट, म्हणजे काठोकाठ साधारण २५५ लिटर. तासाला पाचेक वेळा पाणी फिरलं तरी पुष्कळ, म्हणजे १२००-१३०० लिटर. पण गिऱ्हाईकाला वाटतं पंप मोठा म्हणजे फिल्ट्रेशन भारी, आणि दुकानदार कशाला नाही म्हणेल, मग ३००० लिटर पर अवरचा पंप येतो. खोक्यावरचा हा आकडा शून्य उंचीचा असतो, चार फूट वर चढवताना पंप बराच कमी देतो हे खरंय, पण ड्रेन मोजताना मी तरी खोक्यावरचाच आकडा धरतो. उद्या पंप बदलला, रिटर्नचे एल्बो कमी केले, तर ड्रेन कोण बदलणार, काचेला भोक तर एकदाच पडतं.

आता पाईप किती नेतो. उघड्या ड्रेनच्या तोंडावर ५ सेंटीमीटर पाणी उभं आहे असं धरून भोकातून वाहणाऱ्या पाण्याचं साधं गणित केलं तर आतून पूर्ण १ इंच व्यास असलेला पाईप तासाला साधारण ११०० लिटर नेतो. पाऊण इंची ६००, दीड इंची २४००, दोन इंची ४३००. आकडे एकदम उड्या मारतात कारण व्यास दीडपट झाला की तोंडाचं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं, दुप्पट झाला की चौपट. अमेरिकेतल्या हौशी लोकांत एक इंचाला ताशी ६०० गॅलन असा ठोकताळा चालतो, त्यांचा गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणजे जवळजवळ २२७० लिटर. तेवढं पाणी जातंही, पण तेव्हा पाईप मध्येच हवा ओढतो, सोडतो, रात्रभर गुडगुड आवाज, आणि पातळी वरखाली. हॉलमध्ये टँक असेल आणि घरात कुणी म्हातारं माणूस झोपत असेल तर निम्म्यावरच थांबा. वरच्या ३००० च्या पंपाला मी डोळे झाकून दोन इंची सांगेन.

पुढचा घोळ आपल्याकडचा खास आहे. हार्डवेअरच्या दुकानात एक इंची मागितला की पुष्कळदा २५ मिलीमीटरचा पीव्हीसी पाईप हातात पडतो. शेतीच्या पाईपलाईनवाल्यांना हे पाठ असतं, ६३ चा पाईप म्हणजे दोन इंची, ७५ चा म्हणजे अडीच इंची, कारण या पाईपांचं मिलीमीटरातलं माप बाहेरून असतं. भिंतीची जाडी वजा केली की २५ चा पाईप आतून जेमतेम २२ उरतो, म्हणजे खऱ्या एक इंचापेक्षा पाव हिस्सा पाणी कमी. प्लंबिंगचा एक इंची पाईप बाहेरून ३३ मिलीमीटरच्या वर भरतो, तो वेगळा. आणि पाईप बरोबर आणला तरी काचेत बसणारा टँक निपल आतून आणखी अरुंद असू शकतो, तेव्हा व्हर्नियर नसेल तर साधी पट्टी लावून निपलचं आतलं भोक मोजा, हिशोब सगळ्यात अरुंद जागेचा करायचा. भोक काच टँकला चिकटवायच्या आधी पाडून घ्या आणि ती काच टफन नको, टफन काच ड्रिल लागताच चुरा होते.

कुणी म्हणेल एक इंचातून आमचं ३००० जातं, कसलाही आवाज नाही. जातं, सायफन लागला असेल तर. पाईप पूर्ण भरून वाहिला, हवा अजिबात नसली, तर तोंडावरचं ५ सेंटीमीटर पाणी सोडा, खाली संपपर्यंतची अख्खी उंची पाण्याला ओढते आणि तोच पाईप तिप्पट नेतो. हर्बी पद्धतीत हेच करतात, मुख्य पाईपवर गेट व्हॉल्व्ह लावून सायफन बरोबर जुळवायचा आणि थोडा उंच दुसरा पाईप कोरडा ठेवायचा, इमर्जन्सीसाठी. बीनॅनिमल पद्धतीत तीन पाईप, एक सायफन, एक उघडा, एक इमर्जन्सी. दोन्ही उत्तम. पण इमर्जन्सीचा पाईप क्वचितच लागतो म्हणून लोक तो बारीक टाकतात, आणि इथेच माझं डोकं फिरतं. सायफनमध्ये एखादी गोगलगाय किंवा पान अडकलं की सगळं पाणी या दुसऱ्या पाईपवर येणार, आणि तो बिचारा हवा-पाणी मिसळून, वरवरच्या दोन-चार सेंटीमीटरच्या दाबावर वाहणार, म्हणजे त्याला सायफनच्या एक तृतीयांशच जमतं. मग तो मुख्य पाईपपेक्षा जाड हवा, निदान तेवढा तरी हवा, आणि त्यावर व्हॉल्व्ह अजिबात नको. मोरीच्या जाळीवर केस अडकले की काय होतं ते आपल्याला माहीत आहे, मोरीला उंबरा तरी असतो.

किती वेळ मिळतो तेही सांगतो. वरच्या मापाच्या टँकमध्ये पाणी १ सेंटीमीटर चढायला साधारण साडेपाच लिटर लागतात. काठाखाली ३ सेंटीमीटर मोकळे असतील तर जागा झाली १६ लिटरची. येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा तासाला फक्त ५०० लिटर जास्त असलं तरी दोन मिनिटांत टँक काठावर. तुम्ही चहा टाकायला गेलेले असता.

यावर एक स्वस्त उपाय आहे जो मला जाड पाईपइतकाच महत्त्वाचा वाटतो. संपमधला पंपाचा कप्पा लहान ठेवायचा. त्यात पंपाला उचलता येईल असं पाणी १२-१५ लिटरच असेल तर ड्रेन पूर्ण बंद पडला तरी तेवढंच वर जाईल, टँकच्या मोकळ्या जागेत मावेल आणि पंप कोरडा फिरेल. पंप जळाला तर जळाला, खालच्या मजल्यावरच्यांचं सिलिंग वाचतं. अर्थात संपला आपोआप पाणी भरणारा फ्लोट बसवला असेल तर हे सगळं फुकट, तो भरत राहणार. आणि लाईट जाते तेव्हा उलटं होतं, रिटर्नचं तोंड पाण्यात ४ सेंटीमीटर बुडालेलं असेल तर वीस-बावीस लिटर उलटे खाली येतात, तेवढी रिकामी जागा संपच्या बाकीच्या कप्प्यांत ठेवावी लागते.

दुकानदारांवर माझा राग नाही, पण टँकच्या बिलावर काचेची जाडी लिहितात तसं पंप किती लिटरचा आणि ड्रेन आतून किती मिलीमीटरचा हे लिहायला काय हरकत आहे? तुमच्या पुरवणीतून कुणीतरी हे विचारलं तर बरं होईल. तोपर्यंत घेणाऱ्यांनी एवढं करा: टँक भरल्यावर मुख्य ड्रेनच्या तोंडात कापड कोंबा, पंप पूर्ण जोरात चालू ठेवा आणि पाणी इमर्जन्सीच्या पाईपवर येऊन थांबतं का ते दहा-पंधरा मिनिटं बघा. मग कापड काढा, मेन स्विच बंद करा, संप भरून वाहतो का बघा, आणि परत चालू करा. हे सगळं बसवणाऱ्यासमोर करायचं, उरलेले पैसे त्याच्या हातात द्यायच्या आधी.

आपला,
एक वाचक, ठाणे पश्चिम