दसऱ्यानंतरचा झेंडू टाकू नका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

शेत करायचं तर कापड रंगवायचं खूळ कशाला, असं बाबांनी विचारलं. फोनवर ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

कापडावर रंग कसा चढणार हे निम्मं शेतातच ठरतं. झेंडू कधी तोडला, कसा वाळवला, कुठल्या पाण्यात उकळला, त्यावर पिवळा झळझळीत येतो की मळकट. बाजारातली पूड आणली तर यातलं काहीच आपल्या हातात राहत नाही. म्हणून मला दोन्ही कामं एकाच घरात हवी आहेत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूचा भाव कोसळतो आणि उरलेला माल बांधावर पडतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं! तोच माल मला हवाय. फूल पूर्ण उमललेलं घ्यायचं, सडकं नको. नुसत्या पाकळ्या ओढायच्या. हिरवं बोंड राहिलं की रंग मातकट होतो. आई, हे काम तुला पडवीत बसून करता येईल, गुडघ्यांवर ताण नाही. पाकळ्या सावलीत पातळ पसरून दिवसातून दोनदा हलवायच्या. थर जाड झाला तर खाली वाफ धरते आणि बुरशी येते. चिमटीत कुरकुरल्या की घट्ट झाकणाच्या डब्यात भरायच्या. दहा किलो फुलांतून साधारण किलोभर वाळका माल निघतो.

आता एक किलो सुती कापड धरा. आधी 20 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळायचं, नाहीतर खळ राहते आणि डाग पडतात. मग 200 ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून त्यात रात्रभर बुडवायचं, पिळून न धुता वाळवायचं. सूत तुरटीला नीट धरत नाही. हिरड्यातलं तुरट द्रव्य तिला धरून ठेवतं. ही पायरी गाळली की पहिल्या धुण्यातच रंग उतरतो. त्यानंतर 150 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून पुन्हा एक रात्र. शेवटी 300 ग्रॅम वाळक्या पाकळ्या पाऊण तास मंद आचेवर ठेवून गाळायच्या आणि त्या पाण्यात कापड तासभर हलवत राहायचं. खळखळा उकळलं तर पिवळा तपकिरीकडे झुकतो. शेवाळी छटा हवी असेल तर वेगळ्या भांड्यात 10 ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार), पाच-दहा मिनिटं, बस्स. हिराकस जास्त झाला तर कापड पुढे घडीवर फाटतं.

आपल्या बोअरच्या पाण्यात लोह आहे; टाकीच्या कडेला तांबूस थर बसतो तो त्याचाच. त्या पाण्यात पिवळा उजळ येणार नाही. पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवायचं आणि भांडं स्टीलचं घ्यायचं. झेंडूचा रंग कडक उन्हात विटतो, म्हणून पडद्यांसाठी तो नको, ओढण्यांसाठी चालेल. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगायचं.

नीळ पुढच्या मृगाला. बाबा, नीळ म्हटली की तुम्हाला चंपारण आठवतं. तिथे बिहारात दर 20 कट्ठ्यांत (कट्ठा म्हणजे तिकडचं जमिनीचं माप) 3 कट्ठे नीळ लावायची सक्ती होती, म्हणून 1917 साली गांधीजींना जावं लागलं. रयत बुडाली ती सक्तीनं आणि पडेल भावानं, झाडानं नव्हे. झाड शेंगवर्गातलं आहे, मुळांवर नत्राच्या गाठी धरतं, जमिनीला ते चांगलंच. बी कठीण असतं. वाळूत चोळून रात्रभर भिजवून मगच पेरायचं, आणि पाणी साचतं त्या खालच्या वाफ्यात अजिबात नाही. तीनेक महिन्यांनी, फुलायच्या आधी, सकाळी कापायचं. वीतभर खोड ठेवलं की पुन्हा फुटतं.

पाला त्याच दिवशी टाकीत दगडाखाली दाबून 12 ते 16 तास बुडवायचा. पाणी पिवळट-हिरवं होतं, वर तांब्यासारखी चकाकी धरते. त्याहून जास्त ठेवलं तर कुजका वास सुटतो आणि नीळ घटते. पाला काढायचा, चुना कालवायचा आणि घुसळत राहायचं. फेस आधी फिकट, मग निळा होतो. तो बसायला लागला की थांबायचं. तळाचा गाळ कापडात टांगला की नीळ. शंभर किलो पाल्यातून पाव किलोच्या आसपास मिळते, म्हणून पहिल्या वर्षी दोनच गुंठे. उरलेला पाला खड्ड्यात खताला.

रंगवताना हौदाच्या पाण्यात एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग गूळ. कापड त्या हौदातून हिरवं निघतं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जातं. तुम्हा दोघांना ते दाखवायची मला फार इच्छा आहे.

दोन हंगाम तरी यातून घर चालणार नाही. सोयाबीन आहे तेवढं राहू द्या, माझी नोकरीही तोवर चालू राहील.

मी दसऱ्याला येतेच. आई, पाकळ्या पसरायला दोन जुन्या साड्या धुऊन ठेव. गोणपाट नको, त्याचे तंतू पाकळ्यांत अडकतात.

तुमची लेक