‘र’ जरा दाबून धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांच्या पानावर गेल्या सोमवारी चौकट आली होती, की यापुढे पत्रे युनिकोड मराठीत, म्हणजे कुठल्याही फोनवर किंवा संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, टाइप करूनच पाठवावीत, हाताने लिहिलेल्या पत्राचा फोटो चालणार नाही. त्यावर परवा एका वाचकाने चिडून लिहिले आहे. फोनवर मराठी टाइप करताना एका पत्राला दोन तास जातात, त्यापेक्षा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवतो, छापायचे तर छापा. त्यांचा राग मला कळतो, कारण वर्षभर मीही तेच रडगाणे गात होते. आणि मी तर कराडात ३१ वर्षे टायपिंगची संस्था चालवलेली बाई. परीक्षा परिषदेच्या मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षांना कितीतरी बॅचेस बसवल्या. शिकणाऱ्याची नजर बोटांकडे जाऊ नये म्हणून हातांवर पुठ्ठा धरायची. चार कार्बन लावलेल्या कागदावर एक चूक झाली तर ती पाचही प्रतींवर खोडावी लागे, म्हणून चूक न करण्याची सवय. अशी मी फोन हातात आल्यावर कोंबडीने दाणे टिपावेत तशी एका बोटाने टिपत बसले होते. ‘नमस्कार’ला अर्धा मिनिट!

दोष बोटांचा आहे, वय झाले, असे मला वाटत होते. नातीने एकदा माझ्या खांद्यावरून पाहिले आणि म्हणाली, “आजी, तू मराठी टाइप करतेसच कुठं? तू इंग्रजी टाइप करतेस आणि फोन त्याचं मराठी करतो.”

पत्र लिहिणाऱ्या वाचकांचेही तेच होत असणार, असा माझा अंदाज आहे. फोनवरच्या गूगलच्या कळफलकाला मराठी भाषा जोडली की एकाहून जास्त प्रकार समोर येतात. एकात इंग्रजी अक्षरे दाबायची आणि वरच्या पट्टीतला मराठी शब्द निवडायचा. दुसऱ्यात सरळ क, ख, ग दिसतात. आणखी एकात बोटाने लिहायचे, त्याबद्दल पुढे सांगते. बहुतेक जण पहिला घेतात, कारण इंग्रजी अक्षरांच्या जागा ओळखीच्या वाटतात. पण इंग्रजीत ळ नाही, ण नाही, ऱ्हस्व-दीर्घ दाखवायची धड सोय नाही. के, ए, एल अशी तीन अक्षरे दाबली तर फोनने काय समजायचे? काल, काळ, कळ की कल? तो बिचारा अंदाज बांधतो. आपण मान वर करतो, पट्टीत शोधतो, सापडले तर टिचकी मारतो, नाही सापडले तर एखादा ‘ए’ वाढवून पुन्हा. दोन तास जातात ते इथे.

यावरून आमच्या घरात जे रामायण झाले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याची बायको दिवसांत होती. पहाटे चारला त्याने दोन्हीकडच्या मंडळींच्या ग्रुपवर घाईघाईने मेसेज टाकला, ‘हिच्या कला सुरू झाल्या. दवाखान्यात नेतोय.’ त्याला म्हणायचे होते ‘कळा’. त्याने के-ए-एल-ए दाबले, फोनने पहिला सापडला तो शब्द दिला आणि हा पठ्ठ्या न बघता पुढे गेला. पाच मिनिटांत विहीणबाईंचा फोन मला. “आमच्या मुलीच्या कसल्या कला हो? असं बोलायची ही वेळ आहे का?” मी झोपेतून उठलेली, मला काही उमगेना. शेवटी दोघींनी मिळून तो मेसेज मोठ्याने वाचला तेव्हा उलगडा झाला. मुलगी झाली. नाव वेगळे ठेवले आहे, पण आमच्याकडे सगळे तिला कलाच म्हणतात.

तर, इंग्रजी अक्षरांचा कळफलक काढून टाका आणि क, ख, ग वाला घ्या. पहिले आठ दिवस अक्षरे शोधण्यात जातील, ते सोसा. त्यात एखादे व्यंजन दाबले की स्वरांच्या जागी त्याच्या काना-मात्रा दिसू लागतात. इंग्रजीतून कमी दाबावे लागते हा समज खोटा आहे, मी मोजले आहे. ‘भरभर’ला मराठीत चार ठोके, इंग्रजीतून आठ. ‘घर’ला दोनच, तिकडे चार. ‘मुख्याध्यापिका’ हा आमच्या परीक्षेतला लाडका शब्द दोन्हीकडे १४ ठोक्यांचा. पण मराठीतून दाबला की शब्द तिथेच पुरा होतो. इंग्रजीतून दाबला तर त्यानंतर निवड करणे आलेच.

माझ्यासारख्या जुन्या टायपिस्टांची मात्र एक निराळीच अडचण होते. रेमिंग्टन टाइपरायटरवर आपण डोळ्याला दिसते त्या क्रमाने मारत होतो. ‘कि’ लिहायचे तर वेलांटी आधी, क नंतर. ‘सूर्य’मधला रफार य मारून झाल्यावर. काही अक्षरे तर अर्धी मारून पुढे काना दिला की पुरी होत. युनिकोड कानाला ऐकू येते त्या क्रमाने चालतो. आधी क, मग वेलांटी. ‘सूर्य’ला स, दीर्घ उकार, र, पाय मोडायचा, मग य. रफार आपोआप वर चढून बसतो. माझा हात दोन महिने वेलांटीकडे आधी जात होता आणि मागच्याच अक्षराला वेलांटी चिकटत होती. ज्यांनी कधी टाइपरायटर पाहिलाच नाही त्यांना हा त्रास नाही. त्यांनी शब्द मनात सावकाश उच्चारावा आणि तसाच दाबावा. जोडाक्षर अडले तर पाय मोडायची कळ शोधावी, म्हणजे ती तिरकी रेघ. क, पाय मोडा, ष: क्ष झाला. ज, पाय मोडा, ञ: ज्ञ झाला.

वेगाचे म्हणाल तर ठोक्यांपेक्षा थांबण्यात वेळ जास्त जातो. संस्थेत मी सांगायची, ताल मोडू नका. फोनवरही तेच. प्रत्येक चुकीला मागे फिरायचे नाही. परिच्छेद पुरा करायचा, मग चुका दुरुस्त करायच्या. त्या दुरुस्त करताना शब्दाच्या मधोमध बोट टेकवायचा खटाटोप करू नका, ते आमच्या जाड बोटांना जमत नाही. स्पेसबारवर बोट टेकवून डावी-उजवीकडे सरकवा, ती उभी रेघ अक्षराअक्षराने सरकते. हे कळले त्या दिवशी मला संस्थेत नवे यंत्र आल्याइतका आनंद झाला होता. पुसायच्या कळीवरून बोट डावीकडे ओढले तर शब्दच्या शब्द निवडले जातात आणि बोट उचलले की पुसले जातात. पण फार लांब ओढू नका, माझे एक आख्खे निमंत्रण असे गेले आहे.

तोच तोच मजकूर पुन्हा टाइप करणे म्हणजे वेळेची नासाडी. कळफलकाच्या सेटिंगमध्ये शब्दकोश असतो, त्यात आपला खासगी शब्दकोश. तिथे मराठी निवडून मी ‘सनवि’ या शॉर्टकटला ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ लावून ठेवले आहे आणि ‘घरप’ला घरचा पत्ता, पिनकोडसकट. ‘घरप’ दाबले की पट्टीत पत्ता येतो, टिचकी मारायची. त्याच पट्टीत फोनने एखादा चुकीचा शब्द शिकून ठेवला असेल, तर तो दाबून धरा आणि वर येणाऱ्या कचऱ्याच्या डब्यात ओढून टाका. भाच्याच्या फोनमधली ‘कला’ मी स्वतः अशी टाकली. कॉपी केलेला मजकूर क्लिपबोर्डवर, म्हणजे तो कळफलकात जिथे साठतो तिथून, तासाभराने नाहीसा होतो, हवा असेल तर पिन करून ठेवा. अक्षरे बारीक वाटत असतील तर कळफलकाची उंची वाढवता येते. आणि जमेल तेव्हा फोन टेबलावर ठेवून दोन्ही हातांच्या तर्जनी वापरा. दोन्ही अंगठ्यांनी मारण्याची विद्या नातवंडांची, आपले अंगठे दुखतात. पुठ्ठ्याचा धडा मात्र इथे विसरायचा. फोनच्या काचेवर बोटाला जागा कळत नाही, तेव्हा कळफलकाकडे बघण्यात काही कमीपणा नाही.

जाहिरातीत दिसणारे रंगीबेरंगी फुलाफुलांचे कळफलक घेऊ नका. नवा कळफलक चालू करताना फोन बजावतो, की तुम्ही टाइप केलेला सगळा मजकूर, पासवर्ड आणि कार्डाचे आकडेही हा गोळा करू शकेल. ते आपण न वाचता ‘ठीक’ म्हणतो.

बोलून टाइप करणेही मी करून पाहिले. गूगलने २०१७ साली मराठीची सोय दिली. सकाळी घर शांत असताना बरे चालते. कुकर आणि भाजीवाला यांच्या वेळेत माझ्या लेखात दोन्ही घुसतात. माझे स्वल्पविरामही मला मागाहून हाताने द्यावे लागतात, म्हणून लांब पत्राला मी ते वापरत नाही. ‘दूध एक लिटर जास्त आण’ एवढ्यापुरते ठीक.

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने केलेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक माझ्या जुन्या फोनवर होता. अक्षरे शाळेतल्या तक्त्याच्या क्रमाने लावलेली, आणि व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडीचे चक्र उमटायचे. हवी त्या मात्रेकडे बोट सरकवायचे. ज्याने केला त्याने मराठी माणसाच्या डोक्यात अक्षरे कशी बसलेली असतात याचा विचार केला होता. मला अजून त्याची आठवण येते.

आता आमच्या शेजारच्या अण्णांचे. वय ७९, गणिताचे निवृत्त शिक्षक, हाताला कंप. तुमच्या पानावर वर्षानुवर्षे पोस्टकार्डे पाठवत आले आणि चौकट वाचून म्हणाले, “झालं, आपलं दुकान बंद.” कळा लहान, बोट थरथरते, क दाबायला जावे तर ख दाबला जातो. त्यांना मी तो बोटाने लिहायचा कळफलक लावून दिला. खाली मोकळी पाटी येते, तिच्यावर बोटाने लिहायचे. अण्णांनी पहिला शब्द लिहिला ‘पाऊस’. वाकडातिकडा, शिरोरेघ अर्धीच. वर छापील ‘पाऊस’ उमटला. अण्णांनी माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा पाटीकडे, आणि सातवीच्या वर्गाला घालावे तसे कठीण घातले, ‘लघुतम साधारण विभाज्य’. लघुतमला थोडे अडखळले, बाकी आले. संध्याकाळपर्यंत त्यांनी पाणीपुरवठ्यावर पत्र लिहून काढले. ते आपल्याकडे आले असेल. ते पूर्ण युनिकोडात आहे आणि पूर्ण हाताने लिहिलेले आहे, तेव्हा आपल्या चौकटीत ते बसते की नाही ते आपण ठरवा.

विनंती एवढीच, की ‘टाइप करूनच पाठवा’ असे छापता तेव्हा कसे टाइप करायचे तेही चार ओळींत छापा. निदान ही बोटाने लिहायची सोय सांगा. कित्येक जुन्या वाचकांना फक्त तेवढे ठाऊक नसते.

आपली,
एक जुनी टंकलेखन शिक्षिका, कराड

ता. क. : आपल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘सह्याद्रीच्या दर्याखोऱ्यांत’ असे छापून आले आहे. दर्या म्हणजे समुद्र. तो सह्याद्रीच्या पायथ्यापासून बराच पश्चिमेला आहे. डोंगरातल्या त्या दऱ्या. गंमत म्हणजे त्याच शब्दात पुढे खोऱ्यांतला र बरोबर आहे. म्हणजे टाइप करणाऱ्याला तो येतो, पहिल्या वेळी पट्टीतला शब्द न बघता घेतला असावा. युनिकोडात या र ला स्वतंत्र जागा आहे, हिंदीत तो नाही, त्यामुळे आयत्या शब्दांवर विसंबले की तिथे रफार येऊन बसतो. आचाऱ्यांना द्यायचे पैसे आचार्यांना जातात ते असेच. माझ्या फोनवर र दाबून धरला की त्याच्या वरच्या बाजूला ऱ दिसतो, पायाशी टिंब असलेला. तो घ्यायचा, पाय मोडायचा, पुढे य. पुरवणीच्या मंडळींना एवढे कळवावे.