रात्रीची गाडी परवडते, वेळ आणि डबे जमले तर : रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. अश्विनी वैष्णव,
रेल्वेमंत्री, भारत सरकार

सादर नमस्कार.

मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते. आमच्या गल्लीत दोन-तीन घरांआड एक मुलगा किंवा मुलगी पुण्याला नोकरीत आहे. माझी लेकही हिंजवडीत असते. त्यामुळे इंदूर-पुणे हा प्रवास आमच्यासाठी सहल नाही, घरातलाच एक व्यवहार आहे. या वाटेवर रात्रीची रेल्वेगाडी द्यावी, हे सांगायला हे पत्र.

गेल्या वर्षी नात झाली, तिला पाहायला मी आईला घेऊन निघाले. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. रेल्वेत वेटिंग. तत्काळसाठी सकाळी दहाला फोन हातात घेऊन बसलो, पैसे भरेपर्यंत जागा संपल्या. शेवटी ट्रॅव्हल्सची स्लीपर बस केली आणि तीही नेहमीच्या जवळजवळ तिप्पट भाड्यानं. खालचा बर्थ मिळाला नाही. त्या लोखंडी शिडीवर चढताना आईनं दांडा इतका घट्ट धरला होता की तिची बोटं पांढरी पडली होती. दुपारपासून ती पाणी प्यायली नव्हती, कारण बसमध्ये शौचालय नाही. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात ट्रकांच्या रांगेत आम्ही दीड तास अडकलो. धुळ्याच्या अलीकडे ढाब्यावर उतरलो तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते, आणि बायकांच्या शौचालयात दिवा नव्हता. मी मोबाइलचा उजेड धरून बाहेर उभी राहिले.

साहेब, त्या बसमध्ये एकही जागा रिकामी नव्हती. रात्रीच्या गाडीला प्रवासी मिळेल का, असा प्रश्न कुणाला पडत असेल तर त्यानं रात्री आठ-नऊच्या सुमाराला इंदूरच्या तीन इमली बसस्थानकावर येऊन उभं राहावं.

आता परवडण्याबद्दल. तिकिटावर छापलेलं असतं की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रेल्वेला भाड्यातून मिळतात. प्रवासी सवलतीपोटी २०२२-२३ या वर्षात ५६,९९३ कोटी रुपये गेले, हे आपण स्वतः सांगितलेलं आहे. ते मला मान्य आहे, आणि म्हणूनच फुकटची गाडी मी मागत नाही. पण हा तोटा सगळ्या वर्गांत सारखा नाही. थ्री एसी हा वर्ग आपला खर्च भरून काढतो, हे महालेखापरीक्षकांच्या अहवालांत अनेक वर्षं दिसत आलं आहे. आणि रात्रीची गाडी तर मुख्यतः थ्री एसीवरच चालते.

तिची अडचण वेगळी आहे. खुर्चीची जागा दिवसात दोन-तीनदा विकता येते. बर्थ रात्रीतून एकदाच विकला जातो, वर चादर-उशी, डब्यातला अटेंडंट, सफाई, पाणी हे सगळं येतंच. त्यामुळे एका डब्यात बर्थ किती आणि गाडी किती वाजता पोचते, या दोन गोष्टींवर सगळा हिशोब ठरतो.

वंदे भारत स्लीपर सुंदर आहे, जानेवारी २०२६ मध्ये ती हावडा-कामाख्या मार्गावर धावू लागली याचा आनंदही आहे. पण तिच्या सोळा डब्यांत मिळून ८२३ बर्थ आहेत. त्यातले थ्री एसीचे अकरा डबे धरले तर ६११, म्हणजे डब्यामागे सरासरी पंचावन्न. साध्या एलएचबीच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्यांना आज लागतात तशा, थ्री एसी डब्यात ७२ बर्थ असतात. त्यात वंदे भारतचा संच जोडलेलाच येतो, दिवाळीत गर्दी झाली म्हणून दोन डबे जास्तीचे लावता येत नाहीत. ज्या वाटेवर अर्धा रस्ता घाटाचा आणि गर्दीचा, तिथं ताशी १६० किलोमीटरची धाव विकत घेऊन उपयोग तरी काय? म्हणून इंदूरसाठी मी वंदे भारत स्लीपर मागत नाही. साधा एलएचबी रेक, म्हणजे डब्यांचा संच, द्या: थ्री एसी, थ्री एसी इकॉनॉमी आणि चार-पाच स्लीपरचे डबे. मार्गाचं विद्युतीकरण झालेलं आहे, डब्यांची वीज इंजिनातूनच घेता येते, जनरेटरचं डिझेलही वाचतं.

हे मी एकटीच म्हणते असंही नाही. जर्मनीच्या रेल्वेनं डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या शयनयान गाड्या परवडत नाहीत म्हणून बंद केल्या. शेजारच्या ऑस्ट्रियाच्या रेल्वेनं त्यातले बरेच मार्ग उचलले, जर्मनीचेच वापरलेले डबे विकत घेतले आणि नाइटजेट या नावानं ते चालवले. नवे कोरे डबे आले ते २०२३ च्या अखेरीस. आधी साध्या डब्यांवर प्रवासी जोडला, मग खर्च केला.

आता वेळ. उज्जैन, रतलाम, वडोदरा, सुरत, वसई असा वळसा घालून इंदूर-पुणे रेल्वेनं सुमारे ९७० किलोमीटर पडतं, रस्त्यानं सहाशेच्या आसपास. गाडी दुपारीच निघते आणि सोळा-सतरा तास घेते, म्हणजे नोकरदाराची अर्ध्या दिवसाची रजा गेलीच. मनमाड-इंदूर मार्ग झाला की हे चित्र बदलेल. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी, २०२८-२९ ची मुदत. दौंडवरून पुणे मग साधारण सव्वासहाशे किलोमीटरवर येईल, म्हणजे रात्री नऊला बसून सकाळी साडेसातला उतरणं.

इथं एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. भाडं किलोमीटरवर आकारलं जातं, त्यामुळे मार्ग जवळचा झाला की कागदावर दर बर्थमागची कमाई घटलेली दिसेल. कुणी अधिकारी तो आकडा आपल्यापुढे ठेवून म्हणेल की जुनाच मार्ग फायद्याचा होता. कृपया तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. वीज कमी लागेल, लोको पायलट आणि गार्डच्या पाळ्या कमी होतील, रतलाम-वडोदरा-वसईच्या भरलेल्या मार्गावर एका मालगाडीला जागा मिळेल. आणि आज बसमध्ये शिडी चढणारा प्रवासी परत रेल्वेकडे येईल. गाडी दिवसा उभी राहील हा आक्षेपही ऐकला आहे. पण रेकची देखभाल कधीतरी करावीच लागते, ती दिवसाउजेडी पिटलाइनवर, म्हणजे डब्यांखाली उतरून तपासणी करता येते अशा रुळांवर, होईल. त्यासाठी इंदूर किंवा जवळच्या महूला पिटलाइनची जागा मात्र आत्ताच राखून ठेवावी लागेल.

आणखी एक मागणी: पहिल्या तीन महिन्यांच्या गर्दीवर गाडीचा निकाल लावू नका. इंदूर-भोपाळ वंदे भारत जून २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा डबे रिकामे जात होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात ती नागपूरपर्यंत नेली आणि गाडीला प्रवासी मिळाले. दोष गाडीत नव्हता, ती चुकीच्या जागी थांबत होती.

याच गावच्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांच्या मुदतीनं. त्यांनी व्याज लावलं, पण परतफेडीसाठी शतकाची मुदत दिली. तेवढी आम्ही मागत नाही. नव्या रात्रीच्या गाडीला निदान तीन वर्षं द्या.

मनमाडकडून येणारी गाडी महूवरून राऊ, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर करत इंदूरला शिरेल, म्हणजे आमच्या मराठी वस्तीच्या दारातून. वेळापत्रक ठरेल तेव्हा राजेंद्र नगरला दोन मिनिटांचा थांबा द्यावा, आणि म्हाताऱ्या माणसांना डब्यात चढता येईल एवढी फलाटाची उंची त्याआधी करून घ्यावी, ही विनंती.

आपली,
लोकमान्य नगर, इंदूर येथील एक प्रवासी