उरलेले पाणी जाणार कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरात पाणी तुंबले की चर्चा नालेसफाईपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. गाळ वेळेवर निघालाच पाहिजे, यात वाद नाही. पण पर्जन्यजल आराखडा, म्हणजे पावसाच्या पाण्याचा निचरा कसा करायचा याचे शहराचे नियोजन, वाहिनीच्या व्यासापाशीच अडकला, तर कितीही खर्च करून सखल वस्त्यांचे हाल थांबणार नाहीत.

हिशेब साधा आहे. एक हेक्टर जमिनीवर तासाभरात 50 मिमी पाऊस पडला, तर 5 लाख लिटर पाणी होते. जमीन मोकळी, गवताळ असेल आणि आधीच भिजून चिंब झालेली नसेल, तर त्यातले बरेचसे मुरते. तिथेच छपरे, डांबर आणि सिमेंट आले, की साडेचार लाख लिटरच्या आसपास पाणी थेट नाल्याकडे धावते. पाऊस तोच, नालाही तोच, तरी वरच्या अंगाला बांधकामे वाढली म्हणून खालच्या वस्तीत पूर येतो. त्यावर उपाय म्हणून वरचा नाला रुंद, सरळ आणि काँक्रीटचा केला, तर पाणी आणखी लवकर खाली येते. तिथे नदी आधीच फुगलेली असते किंवा भरतीने नाल्याचे तोंड बंद झालेले असते. एका प्रभागाची सुटका दुसऱ्याच्या माथी मारली जाते.

शिवाय कोणतीही वाहिनी ठरावीक पावसासाठीच बांधलेली असते. मुंबईच्या जुन्या वाहिन्या ताशी 25 मिमी पावसासाठी, तेही ओहोटी गृहीत धरून आखलेल्या होत्या; मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्यांबाबतच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता 50 मिमीपर्यंत नेण्याची शिफारस केली. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला. एवढे पाणी केवळ वाहिन्यांच्या भरवशावर कुठलेच शहर काढू शकणार नाही. वाहिनी भरल्यावर उरलेले पाणी कोणत्या रस्त्याने जाणार आणि कुठे थांबणार, हे आराखड्याने सांगायला हवे. नाहीतर ते तळघरांत, रुग्णालयांत आणि वीज उपकेंद्रांत शिरते.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये 2 जुलै 2011 रोजी दोनेक तासांत सुमारे 150 मिमी पाऊस कोसळला. पुढच्याच वर्षी त्या शहराने अतिवृष्टीचा स्वतंत्र आराखडा केला. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातही रस्त्यावर 10 सेंमीपेक्षा जास्त पाणी साचू नये, हे त्याचे उद्दिष्ट. त्यासाठी काही रस्ते पाणी वाहून नेण्यासाठी, तर काही बागा ते धरून ठेवण्यासाठी नेमून दिल्या. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या बेंथेमप्लाइन चौकात तर 2013 पासून एरवी मुले खेळतात आणि मोठ्या पावसात त्याच खोलगट जागांत सुमारे 17 लाख लिटर पाणी थांबू शकते.

बांधकाम परवानगी देताना भूखंडातून बाहेर पडणाऱ्या प्रवाहावर मर्यादा हवी: मोकळ्या जमिनीवरून जेवढे पाणी वाहायचे तेवढेच सोडावे, जास्तीचे टाकीत धरावे आणि पाऊस ओसरल्यावर हळूहळू सोडावे. नुसता शोषखड्डा दाखवून ही अट उरकू देऊ नये. चिकणमातीत किंवा भूजल वर आलेले असताना पाणी मुरत नाही. तलाव आणि ओढ्यांमधला भराव तर तातडीने थांबला पाहिजे.

आणि पाणी कुठे, किती उंच चढेल याचा नकाशा आराखड्यावर हरकती-सूचना मागवण्याआधीच लोकांसमोर ठेवावा. तळमजल्यावर घर घेणाऱ्याला आपल्या दारात किती पाणी येऊ शकते, हे खरेदीपूर्वीच कळले पाहिजे. जागांचे भाव पडतील म्हणून असा नकाशा दडवून ठेवणे मला मुळीच मान्य नाही.

आपला,
एक वाचक