थंडीत नव्याने पळणाऱ्यांना नुसतं 'जिद्द ठेवा' सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की दरवर्षी सगळीकडे रनिंगबद्दल छापून यायला लागतं, आपल्या पेपरातही येतं, आणि त्यातलं बरंचसं वाचून मला मनापासून वाईट वाटतं म्हणून हे पत्र लिहितेय. पहाटे उठा, आळस झटका, जिद्द ठेवा, मन घट्ट करा. जे आधीपासून पळतात त्यांना हे वाचायला छान वाटतं. पण ज्याने आत्ता कुठे शूज आणलेत आणि ज्याला दोन मिनिटं पळालं तरी धाप लागते त्याला बाहेरच्या अंधारात आणि गारठ्यात या वाक्यांचा काडीचा उपयोग नसतो. उलट होतं काय की दोन-तीन दिवस जमलं नाही की तो स्वतःलाच बोल लावतो, मी आळशीच, माझ्यात विलपॉवरच नाही, आणि शूज कपाटात जातात ते उन्हाळ्यापर्यंत. मी बरीच वर्षं ग्रुपमध्ये नव्या लोकांसोबत मागे पळते, ते काम मी आवडीने मागून घेतलंय, आणि तिथून बघताना माझं पक्कं मत झालंय की थंडीत पळणं सुटायला आळस फार कमी वेळा कारण असतो, थंडीत शरीरात काय चालतं हे त्यांना कुणी आधी सांगितलेलंच नसतं.

पहिलं म्हणजे ते पहाटे ५ चं वेड. पळायचं तर पाचलाच उठलं पाहिजे हे नव्या माणसाच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की विचारू नका. आता बघा, आपल्या शरीराचं तापमान दिवसभर सारखं नसतं, नेहमीच्या उठायच्या वेळेच्या साधारण दोन तास आधी ते सगळ्यात कमी झालेलं असतं, म्हणजे एरवी ७ ला उठणाऱ्याने एकदम ५ चा अलार्म लावला की तो बरोब्बर त्याच वेळेला उठणार, त्यात बाहेर मिट्ट काळोख, झोप आणणारं मेलाटोनिन अजून ओसरलेलं नाही, आणि खोली गार पडलेली. असं सगळं एकदम अंगावर आल्यावर पांघरुणातून बाहेर यावंसं वाटलं नाही तर त्याला आळस कसं म्हणायचं? उजाडल्यावर पळा की. ज्यांना जमतं त्यांनी दुपारी पळा, नाहीतर संध्याकाळी, तेव्हा तर दिवसभर हालचाल झाल्याने अंगही मोकळं असतं. शिवाय थंडीत वारा पडलेला असला की जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली अडकून बसते आणि गाड्यांचा धूर, धूळ सगळं तिच्यातच कोंडून राहतं, ऊन वर आलं की ते हळूहळू मोकळं होतं, त्यामुळे शहरात राहणाऱ्याने जरा उशिरा बाहेर पडलं तर ते शहाणपणाचंच आहे. पण हे कुणी छापत नाही, कारण पाचला उठणारा माणूस फोटोत चांगला दिसतो.

आणि आता मुख्य मुद्दा, पहिली दहा मिनिटं. माझ्या मते नवीन माणूस थंडीत रनिंग सोडतो ते ह्या दहा मिनिटांतच सोडतो. सांध्यांमध्ये जे वंगण असतं ते थंडीत घट्ट होतं, बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं तितकं नाही अर्थात, पण गुडघ्याला फरक जाणवण्याइतकं नक्कीच. गार पडलेले स्नायू सावकाश आकुंचन पावतात, नसांमधून संदेशही हळू जातात, म्हणून पाऊल जड पडतं आणि आपलंच अंग आपलं वाटत नाही. नवीन माणसाला वाटतं, कालपर्यंत जमत होतं, आज इतकं जड जातंय म्हणजे मी मागे गेलो. मागेबिगे काही गेलेलं नसतं! पळताना स्नायू जी ऊर्जा वापरतात त्यातला जेमतेम पाव हिस्सा हालचालीला लागतो, बाकी सगळ्याची उष्णता होते, म्हणजे थोडा धीर धरला तर शेगडी आपल्याच आत पेटणार असते. तोवर नुसतं भरभर चालायचं, खांदे फिरवायचे, पाय पुढे-मागे झुलवायचे, गुडघे वर घेत जागच्या जागी चालायचं, आणि हे शक्यतो घरातच करून बाहेर पडायचं. गार अंगाने एका जागी उभं राहून पाय ताणत बसू नये, ते स्ट्रेचिंग परत आल्यावर.

एक सांगते. मागच्या हिवाळ्यात आमच्यात पन्नाशीचे एक काका नवीन आले होते, तब्येतीची तपासणी वगैरे करून रीतसर. एका सकाळी सुरुवातीलाच ते थांबले, कमरेत वाकलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंडातून वाफ निघतेय, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, आणि म्हणाले, "ताई, घसा नुसता जळतोय, माझ्याच्याने नाही होणार हे." मी म्हटलं, "बरं, पळू नका, चालूया, पण चालता चालता काल दिवसभरात काय केलं ते सांगा मला." ते सांगायला लागले, आधी एकेक शब्द, मग अर्धी वाक्यं, मग ऑफिसातल्या कुणाचा तरी लांबलचक किस्सा सुरू झाला आणि तो रंगात आल्यावर मी हळूच जरा वेग वाढवला, तेही माझ्याबरोबर हळूहळू पळायला लागले आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही कारण किस्सा संपायचा होता. पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं, एवढी एक गोष्ट नव्या माणसाला पुरते, त्याला घड्याळ लागत नाही आणि अ‍ॅपही लागत नाही. बोलणं तुटलं की चालायचं, जमलं की परत पळायचं. चालणं म्हणजे हार नव्हे हो! जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये अगदी नवख्यांसाठी काउच टू फाइव्ह-के (म्हणजे सोफ्यावरून उठून ५ किलोमीटर पळण्यापर्यंत) नावाचा ९ आठवड्यांचा जो प्रोग्रॅम तयार केला त्याच्या पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळायचं आणि ९० सेकंद चालायचं असंच आहे, म्हणजे पळण्यापेक्षा चालणंच जास्त, आणि त्यावर जगभरातले लोक पळायला शिकलेत.

तो घसा जळतो ना, त्याचंही कारण साधं आहे. गार हवा कोरडी असते, एरवी नाक तिला गरम आणि ओलसर करून आत सोडतं पण आपण धापा टाकत तोंडाने श्वास घेतो तेव्हा ते काम घशाला आणि श्वासनलिकेला करावं लागतं आणि त्यांच्यातला ओलावा जातो. नाका-तोंडावरून पातळ कापड सैलसर गुंडाळा, वेग कमी करा, बराच फरक पडतो. मात्र शिट्टीसारखा आवाज येत असेल, पळून झाल्यावर खोकला थांबत नसेल, दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. ज्यांना बीपी किंवा हार्टचा त्रास आहे त्यांनी तर थंडीत विचारल्याशिवाय सुरूच करू नये, कारण गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी वाढतो. छातीत दाबल्यासारखं झालं तर तिथे जिद्द दाखवायची नाही, तिथल्या तिथे थांबायचं. जिद्दीचे लेख लिहिणाऱ्यांनी ही दोन वाक्यं तरी त्यात घालावीत असं मला फार वाटतं.

कपड्यांबद्दल थोडक्यात. दारातून बाहेर पडताना जरासं गार वाटलं पाहिजे, तेव्हाच उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झालेत. बाहेर आहे त्यापेक्षा ५ ते १० अंश जास्त आहे असं समजून कपडे घालायचे. अंगाला लागून सुती नको, सुती कपडा घाम शोषून ओलाच राहतो आणि थांबलं की तोच थंडी भरवतो. हातमोजे आणि टोपी घ्या, ती काढून खिशात टाकता येते. घरी आलं की आधी ओले कपडे बदला, फोन नंतर बघा. आणि पाणी प्या, थंडीत तहान कमी लागते पण लघवीवाटे पाणी जास्त जातं आणि घामही येतच असतो, तो लगेच सुकतो म्हणून कळत नाही.

आता मोटिवेशन. लोक मला विचारतात की तुम्हाला रोज इच्छा कशी होते, तर रोज इच्छा होत नाही आणि व्हायची गरजही नाही. ज्या वेळी अंग सगळ्यात जड असतं त्याच वेळी "जाऊ की नको" हा निर्णय घ्यायला बसलं तर उत्तर नकोच येणार, म्हणून तो आदल्या रात्रीच घेऊन टाकायचा. कपडे, मोजे, शूज एकत्र काढून ठेवायचे आणि ठरवायचं की तोंड धुतलं की शूज घालायचे, इतकं नेमकं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये हेच मांडलंय की नुसतं "मी करीन" म्हणण्यापेक्षा "हे झालं की मी ते करीन" असं बांधून ठेवलेलं काम पार पडायची शक्यता जास्त असते. आणि कुणीतरी कोपऱ्यावर वाट बघत उभं असेल तर त्याला तोड नाही.

एखादा दिवस बुडाला तर बुडाला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ९६ लोकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात रोजची एखादी गोष्ट अंगवळणी पडायला लागणारा वेळ माणसागणिक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला, मधला आकडा ६६. व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडे छापतात ते मनावर घेऊन बाविसाव्या दिवशी निराश व्हायचं काही कारण नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एक दिवस चुकला तरी सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडत नाही. हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो, कारण त्याला वाटत असतं की काल नाही गेलो म्हणजे सगळं पाण्यात गेलं.

अजून एक, थंडी ही खरं तर पळणाऱ्याची मैत्रीण आहे. १० अंशांच्या आसपासची हवा लांब पळायला फार चांगली समजतात, शरीर आतून इतकी उष्णता तयार करतं की ती बाहेर टाकायला गार हवाच लागते. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात केनियाचे धावपटू एलिउड किपचोगे मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत पळाले तेव्हा दिवस आणि वेळसुद्धा हवामान बघून ठरवली होती आणि ती सकाळ गारच होती. उन्हाळ्यात ज्याला दहा मिनिटांत नको होतं त्याला थंडीत एकदा अंग तापल्यावर तेवढंच अंतर सोपं जातं, फक्त त्याला त्या पहिल्या दहा मिनिटांच्या पलीकडे जाऊ द्या.

म्हणून विनंती आहे की ह्या थंडीत आपल्या पुरवणीत मेडल घातलेल्यांच्या मुलाखतींसोबत एक छोटा कोपरा नुकत्याच सुरुवात केलेल्यांसाठी ठेवा. वॉर्मअप कसा करायचा त्याची चित्रं द्या, त्या आठवड्यात उजाडतं कधी आणि हवा कशी आहे ते द्या, दमा आणि बीपीवाल्यांसाठी एखाद्या डॉक्टरांना लिहायला सांगा, आणि जे मिनिटभर पळून दीड मिनिट चालतात त्यांचे फोटो छापा. असे लोक भरपूर आहेत, कुठल्याही मैदानावर सूर्य वर आल्यावर गेलात तर भेटतील.

आपली,
एक नियमित वाचक