कामगारमंत्री साहेब, ग्रॅनाइट सुका कापणं बंद करा

माननीय कामगारमंत्री, गोवा सरकार,
सप्रेम नमस्कार.

मी फोंड्यात ओटे आणि फरशीची कामं घेतो, बावीस वर्षं झाली. आता चतुर्थी जवळ आली, घराघरात रंगकाम, नवा ओटा, सगळ्यांना गणपती यायच्या आधी काम पुरं पाहिजे, आणि ह्या घाईत आमची पोरं बंद खोलीत पाणी न लावता, सुका ग्रॅनाइट कापतात. एकदा येऊन बघा साहेब. दहा मिनिटांत समोरचा माणूस दिसत नाही, पापण्या पांढऱ्या होतात, आणि तोंडाला काय तर एक रुमाल.

ही साधी धूळ नाही, ह्यात सिलिका असते, म्हणजे दगडातलं एक खनिज. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव हिस्सा, आणि हल्ली लोक मागतात त्या कृत्रिम क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर. डोळ्याला न दिसणारी बारीक धूळ फुफ्फुसात खोल जाऊन बसते, त्याने सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा रोग होतो आणि तो बरा करणारं औषध नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून हा कृत्रिम दगडच बंद केला.

माझ्याकडचा कटरवाला वर्षभर खोकत होता. टीबी म्हणून सहा महिने गोळ्या घेतल्या, दम तसाच, कोणी विचारलं नाही की बाबा तू काम काय करतोस. आता तो विजापूरला गावी असतो, फोनवर एक वाक्य बोलायला दोनदा थांबतो. चूक माझीपण आहे, भिंती खराब होतात म्हणून पाणी नको असं मीच सांगायचो.

ब्लेडवर पाण्याची बारीक धार सोडली की धूळ फार कमी उडते, चिखल होतो, तो ओला असतानाच उचलायचा कारण सुकला की परत तीच धूळ. पोरं शॉकला घाबरतात, म्हणून पाण्यासाठी बनवलेला कटर आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, दोन्ही सक्तीचं करा. तोंडाला नीट घट्ट बसणारा एन-९५ पाहिजे, आणि कंप्रेसरची हवा मारून कपडे साफ करणं तर ताबडतोब बंद.

कारखान्यांच्या कायद्यात सिलिकोसिस झाला तर सरकारला कळवावा लागतो हो, पण चार-पाच माणसांची शेड त्यात बसतच नाही, आणि घरात जाऊन ओटा बसवणारा तर कुठेच नाही. ह्यांच्यासाठी वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे फुकट करा, आणि सुका कटर बंदचं परिपत्रक ह्या चतुर्थीच्या आधी काढा.

आपला,
एक फरशी कंत्राटदार, फोंडा