बाबांच्या खुणा वाचवणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून देवबागहून आमची होडी बाहेर पडली, तेव्हा तिच्यावरच्या नव्या जीपीएसमध्ये माझ्या वडिलांनी तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, म्हणून काढलेल्या वर्षांतल्या सगळ्या २१३ खुणा, म्हणजे समुद्रातल्या जागांच्या साठवलेल्या नोंदी, होत्या. त्या तिथे आहेत त्या केवळ आपल्यामुळे. आपण पैसे घेतले नाहीत आणि मी आभार मानू लागलो तेव्हा "आधी होडी जाऊ दे," एवढेच म्हणालात. आता होडी गेली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. किनाऱ्यावरच्या अनेक होड्यांवर अशीच जुनी यंत्रे आहेत, त्यामुळे आपली परवानगी घेऊन ते उघडपणे आणि काहीसे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या जुन्या जीपीएसचा पडदा अर्धा काळा पडला होता आणि दोन बटणे दाबली जात नव्हती. त्यातल्या खुणांमध्ये जाळे अडकून फाटते ती पाण्याखालची खडपे आहेत, सुरमई आणि सरंगा मिळण्याच्या जागा आहेत आणि रात्री परत येताना ज्यांच्यापासून लांब राहायचे असे खडकही आहेत. बहुतेकांचे सुरुवातीचे अंश सारखेच, अक्षांश १५ किंवा १६ आणि रेखांश ७३; खरा फरक त्यापुढच्या मिनिटांत आणि मिनिटाच्या तीन दशांश स्थळांत असतो. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. वहीत उतरवताना दुसऱ्या दशांश स्थळी एकाचा जरी फरक पडला, तरी खूण साडेअठरा मीटर सरकते, आणि खडपाच्या बाबतीत तेवढ्याने जाळे जाते. अर्ध्या काळ्या पडद्यावरून हे आकडे हाताने उतरवण्याचे धाडस मला झाले नाही. केबलने संगणकावर घेणे हाच एक मार्ग उरला होता, आणि संगणक केबलच ओळखत नव्हता.

जुलै महिन्यात मी आपल्याला पहिल्यांदा फोन केला, त्याआधी दोन ठिकाणी केबल खराब आहे असे सांगून मला नवी विकली गेली होती. आपण मात्र केबलची किंमत किंवा कंपनी विचारली नाहीत. आपण विचारलेत, "केबल संगणकाला लावल्यावर आवाज येतो का? आणि जीपीएस काढून नुसती केबल लावली तर येतो का?" आवाज दोन्ही वेळा येत होता. तेव्हा आपण मला जे समजावून सांगितलेत, ते तोवर कोणीच सांगितले नव्हते. या केबलच्या यूएसबीकडच्या जाड तोंडात एक छोटी चिप असते, ती यूएसबीची भाषा जुन्या सिरीयल पोर्टच्या (एकामागून एक संकेत पाठवणाऱ्या जोडणीच्या) भाषेत बदलते, आणि संगणक ओळखतो तो त्या चिपला. पलीकडे जीपीएस आहे की नाही, हे त्याला त्या क्षणी ठाऊकच नसते. म्हणजे जीपीएस बंद असला तरी संगणकात कॉम पोर्ट, म्हणजे संगणकाने त्या सिरीयल जोडणीला दिलेले नाव, दिसलाच पाहिजे. केबल लावल्यावर काहीच घडले नसते, तर तार, तोंड किंवा यूएसबीची जागा तपासायची होती. आवाज येतो, म्हणजे चिप जिवंत आहे आणि अडचण पुढे कुठेतरी आहे. दीड महिना मी ज्या गोष्टीला "केबल चालत नाही" एवढेच म्हणत होतो, तिचे आपण दोन प्रश्नांत दोन भाग करून दाखवलेत.

त्यानंतर संगणकाला जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणारा डिव्हाइस मॅनेजर उघडून केबल काढायला आणि पुन्हा लावायला सांगितलेत. पोर्टच्या यादीत एक नाव येत-जात होते आणि त्यावर पिवळा त्रिकोण होता. आत पाहिले तर कोड १०, म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही. तपशिलाच्या पानावरचे चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक आपण मला फोनवर सावकाश वाचायला लावलेत. पहिला क्रमांक चिप बनवणाऱ्याचा आणि दुसरा त्या चिपचा; केबलच्या पाकिटावर काहीही छापलेले असले तरी आत काय आहे ते या दोन क्रमांकांवरून कळते. माझ्या तिन्ही केबलींचे क्रमांक एकच निघाले. मी पैसे खर्चून तीच अडचण तीनदा घरी आणली होती. विंडोज ११ ने स्वतःहून घातलेला ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा छोटा प्रोग्रॅम, नव्या चिपांसाठीचा होता आणि तो त्या चिपच्या जुन्या प्रकाराला नाकारत होता. कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवायचा नाही, असे बजावून आपण तपासलेला जुना ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर दिलात आणि तो आपोआप शोधू न देता यादीतून हाताने निवडायला शिकवलेत. त्रिकोण गेला आणि कॉम ९ असे नाव आले.

मी लगेच जीपीएस जोडायला निघालो होतो, पण आपण थांबवलेत. आधी केबल एकटी बोलते का ते पाहू, असे म्हणून केबलच्या सिरीयलकडच्या नऊ पिनांच्या तोंडातली दुसरी आणि तिसरी पिन तांब्याच्या एका बारीक तारेने जोडायला सांगितलीत, कारण एक पिन ऐकण्याची आणि दुसरी बोलण्याची असते. दोन्ही जोडल्या की पाठवलेले अक्षर स्वतःकडेच परत येते. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज दोनदा जाऊन आली होती. मी टर्मिनलच्या, म्हणजे पोर्टवर अक्षरे पाठवून आलेली दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, खिडकीत 'क'साठीची कळ दाबली आणि ते अक्षर पडद्यावर उमटले. तार काढली, अक्षरे थांबली. पुन्हा लावली, पुन्हा आली. बाबा शेजारी बसून ते पाहत होते आणि त्यांनी मला ते चार वेळा करायला लावले.

जीपीएस जोडल्यावरही काही येईना, तेव्हा दोष त्या नऊ पिनांच्या तोंडापुढच्या, जीपीएसकडच्या गोल तोंडात असणार हे उघड झाले होते. भिंगातून पाहिले तर चारपैकी एका पिनेवर हिरवट थर चढला होता. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत तांब्याचे असेच होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासण्याचा मऊ ब्रश यांनी तो निघाला. मग सेकंदाला ४८०० बिट या वेगावर जीपीएसकडून ओळी येऊ लागल्या, प्रत्येकीच्या सुरुवातीला डॉलरचे चिन्ह आणि जीपी ही अक्षरे. घरात उपग्रह मिळत नसल्याने स्वल्पविरामांच्या मध्ये जागा रिकाम्या होत्या, तरी त्या रिकाम्या ओळी पाहून माझे डोळे भरून आले. त्या ओळींतून होडी आता कुठे आहे एवढेच कळते, साठवलेल्या खुणा येत नाहीत, हेही आपण आधीच सांगून ठेवले होते. म्हणून यंत्राची सेटिंग बदलून ते त्याच्या स्वतःच्या भाषेवर आणले, वेग ९६०० ठेवला आणि जीपीएसबॅबेल या मोफत प्रोग्रॅमला कॉम ९ दाखवून सगळ्या खुणा एका जीपीएक्स फाईलमध्ये (जीपीएसच्या नोंदी साठवण्याच्या सर्वमान्य प्रकारात) उतरवून घेतल्या.

खुणांची नावे त्या यंत्रात सहा अक्षरांत कोंबलेली होती आणि त्यांचा अर्थ बाबांशिवाय कोणालाच लागत नाही. यादी छापून मी त्यांच्यासमोर ठेवली. चार संध्याकाळी ते एकेका नावावर बोट ठेवून सांगत गेले आणि मी पुढे लिहीत गेलो. फक्त सात नावांपाशी ते अडले. त्या खुणा तशाच ठेवल्या आहेत.

आपण सुचवल्याप्रमाणे होडीसाठी एफटीडीआय या कंपनीच्या चिपची केबल घेतली आहे. विकत घेण्यापूर्वी दुकानातच संगणकाला लावून ०४०३ आणि ६००१ हे क्रमांक पाहिले. ती आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह असते.

एक गोष्ट मात्र प्रत्यक्ष भेटीत सांगायची राहिली. फाईलच्या तीन प्रती कराव्यात आणि एक घराबाहेर ठेवावी, असे आपण म्हणाला होतात. ती कोणाकडे ठेवावी, असे मी बाबांना विचारले. शेजारच्या होडीच्या तांडेलालाही ज्यांनी आपली एक खूण कधी दाखवली नाही, त्यांनी क्षणभरही विचार न करता आपले नाव घेतले. या पत्रासोबत पाठवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये ती प्रत आहे. कृपया आपल्याकडे ठेवून घ्यावी.

आपला कृतज्ञ,
देवबाग येथील एक मच्छीमार